जुन्या बंदुकांचा हंगाम

पॉसम फोर्क, मिसिसिपी
१४ सप्टेंबर

कॉर्डेल राजा,

आधी बस, मग वाच. मी उभ्यानं वाचलं आणि पस्तावले. तुझं पत्र आलं तेव्हा मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. पोस्टवाला गाडीतूनच ओरडला, "झेल्फाकाकू, तुरुंगाचा शिक्का आहे!" रस्त्यापलीकडे अर्लीनच्या कुत्र्यालासुद्धा कळलं. कळू दे. टोपलं खाली ठेवलं, पाकीट फोडलं, "नोव्हेंबरात सोडतायत" एवढं वाचलं आणि पुढची अक्षरं पोहायलाच लागली. इकडे कोंबड्यांनी टोपलं साफ केलं. आठवड्याचा दाणा एका बैठकीत! म्हटलं खा बायांनो, तुमच्याही घरचा सण.

सहा वर्षं झाली रे. त्या दोन दिवट्या मित्रांबरोबर तू दुकान फोडायला गेलास तेव्हा तुला धड मिशी फुटली नव्हती. जाऊ दे. पाद्रीबाबा म्हणाले, "झेल्फा, आता तो विषय काढायचा नाही." म्हटलं, मी कुठे काढते, लोक काढतात, मी नुसती उत्तरं देते.

तुझी खोली झाडली. तुझ्या आईचा फोटो पुसला, ती आता तुझ्याहून लहान दिसते. गादीत उंदरांनी बाळंतपण केलं होतं, त्यांना सन्मानानं बाहेर काढलं.

फोन मात्र करू नकोस. मला ऐकू येत नाही, मग तू ओरडतोस, मग तुझ्यामागचा पहारेकरी तुझ्यावर ओरडतो, आणि माझ्या वाट्याला नुसता आरडाओरडा. पत्रच बरं. चौथीपर्यंत शाळा, पुढे कापूस वेचला, पण पत्राला तेवढी चौथी पुरते.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात जुन्या बंदुकांचा हंगाम लागतो, त्याच्या आधी तू घरी! तुझे आजोबा त्यालाच खरा हंगाम म्हणायचे. बाकीच्या महिन्यांत दुर्बीण लावून कोसावरून कुणीही हरीण पाडेल. या पंधरवड्यात फक्त जुन्या धाटणीची बंदूक, एक बार, एक गोळी, दुसरी भरेपर्यंत हरीण पुढच्या तालुक्यात. आणि नेम चुकला तर शर्टाची शेपटी कापून भिंतीला ठोकायची, तो आपला रिवाज. तुझ्या आजोबांच्या, हॉलिसच्या, पाच शेपट्या अजून स्वयंपाकघरात आहेत. तुझीही आहे, चौकड्यांची, अकरा वर्षांचा होतास तेव्हाची. किती रडला होतास!

पण अर्लीन म्हणते, शिक्षा झालेल्याला पुढे जन्मभर बंदूक हातात धरता येत नाही. खरं का रे? ती मेली सगळ्यात वाईट तेवढंच ऐकून येते. मग थंडीत तू करणार काय? माझ्याबरोबर गोधड्या शिवणार?

टोपलं परत भरलंय, कोंबड्या हाका मारतायत. खात जा नीट.

तुझी, अजून नाचणारी,
आजी

*

तुरुंगातून
२९ सप्टेंबर

आजी,

अर्लीनकाकू या वेळी बरोबर आहे. बंदुकीसकट सापडलो तर परत आत, आणि या वेळी दहा वर्षं.

पण इथे प्रुइट म्हणून एक म्हातारा आहे. कायद्याची पुस्तकं वाचून वाचून त्याचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा झालाय. तो म्हणतो, जिच्या तोंडातून दारू ओतायची आणि वरून गोळी गजानं ठासायची, ती ठासणीची न्यायालय बंदुकीत धरतच नाही. पुराणवस्तू समजतात. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळासारखी. मी म्हटलं, म्हातारबा, घड्याळानं हरीण पडत नाही. तो म्हणाला, "तुझा नेम बघता बंदुकीनंही पडणार नाही."

सुटलो की वकिलालाही विचारीन. तोवर आजोबांची ठासणीची शेडमध्ये आहे ना, तिला जरा तेल लाव.

हरणाचं फारसं काही नाही, आजी. इथे झोप येत नाही तेव्हा मी डोळे मिटून आजोबांच्या ओंडक्यावर जाऊन बसतो. ओढ्याच्या वळणावरचा, शेवाळानं भरलेला तो. बसून राहतो. कुणी नाव घेत नाही, कुणी नंबर घेत नाही. तिथे एकदा खरोखर बसायचंय.

कॉर्डेल

*

पॉसम फोर्क
१७ ऑक्टोबर

माझ्या शहाण्या राजा,

तुझ्या त्या प्रुइटबाबांना माझा नमस्कार सांग. भला माणूस दिसतो. गोड खातो का? तुला न्यायला येईन तेव्हा त्याच्यासाठी पेकन अक्रोडांच्या वड्या आणीन, पहारेकऱ्यांनी खाऊन टाकल्या नाहीत तर.

तेल आणायला तालुक्याला गेले होते, अर्लीनच्या गाडीतून. तिचा खुबा दुखतो म्हणून ती ब्रेक मारायचं टाळते. दोन चौक आम्ही देवाच्या भरवशावर ओलांडले. मी म्हटलं, अगं, दिवा लाल होता! ती म्हणाली, "झेल्फा, या वयात हिरव्याची वाट कोण बघतं?"

शेडचं छप्पर मागच्या वादळात थोडं गळलंय, पण तू काळजी करू नकोस. तुझ्या हंगामाची सगळी सोय मी बघते. सगळी म्हणजे सगळी.

बंदुकांच्या दुकानात हनुवटीवर चार केस असलेला एक विक्रेता होता, फार आदबशीर, माझी पर्स धरून उभा राहिला. मी तुझं नाव काढलं नाही, उगाच तुझी जुनी कथा कशाला. नुसतं विचारलं, दादा, जुन्या बंदुकांच्या हंगामाला कुठल्या कुठल्या चालतात? त्यानं लगेच सरकारी पुस्तिका काढली. मी म्हटलं, मी वाचते. बोट ठेवून सगळं वाचलं, तो बिचारा थांबला, मागे रांग लागली तरी थांबला. कॉर्डेल, तुला सांगते, जग कुठच्या कुठे गेलंय! आता फक्त ठासणीचीच चालते असं नाही. मधून मोडून मागून काडतूस घालायची एकनळी असते ना, तीही चालते. घोडा बाहेर हवा, एका वेळी एकच बार हवा, नळीचं भोक सांगितलंय त्याहून बारीक नको, की झालं. दोघी एकाच ओळीत छापल्यात, सख्ख्या बहिणींसारख्या. सरकारनंच दोघींना एका पंगतीला बसवलंय. मग एकीला जे लागू ते दुसरीला लागू, नाही का? न्यायालय म्हणजेही सरकारच की. सरकारं काही दोन नसतात.

तरी मी आपली पक्की. रविवारी चर्चच्या जेवणात टबला गाठलं. तोच तो टब, शिकारखात्याचा रखवालदार, लहानपणी माझ्या बायबलच्या वर्गात खिडकीतून पळायचा. आता पोट सुटलंय, खिडकीत अडकेल. त्याच्या ताटात आणखी एक कोंबडीची तंगडी वाढली आणि विचारलं, "टब, ती मोडायची एकनळी, घोडा बाहेरचा, तुमच्या त्या हंगामाला चालते?"

"चालते काकू, एकदम चालते. आता निम्मे लोक तीच घेऊन येतात. पावसात ओली होत नाही. का हो, तुम्ही निघालात की काय शिकारीला?"

"म्हटलं, तुझीच करावी."

हसून हसून त्याला ठसका लागला.

तर झालं, दोन दोन ठिकाणी विचारून घेतलं. आता पुढचं विचारू नकोस. माझ्या पलंगाखाली तुझ्यासाठी एक गंमत आहे. अर्लीनला सांगितलंय, आणि ती पोटात ठेवून ठेवून फुटायला आलीय. आणि हो, अंगणात ट्रॅक्टर दिसला नाही तर घाबरू नकोस. हॉलिस गेल्यापासून नुसता उभाच होता, त्याच्यात चिमण्या राहत होत्या. त्यांना दुसरं झाड मिळालं.

तुझी (तोंडावर हात धरून बसलेली)
आजी

*

तुरुंगातून
३ नोव्हेंबर

आजी,

दुकानदार आणि टब सांगतात ते शिकारीचे नियम. माझा प्रश्न वेगळ्या दारातला आहे. मला फक्त आजोबांची चालेल. फक्त आजोबांची, बरं का.

गंमत ओळखली. बूट. अर्लीनकाकूला सांग माझा पाय एका मापानं वाढलाय.

सुटायच्या दिवशी दाराशी फुगे आणू नकोस. मागच्या महिन्यात एकाच्या घरच्यांनी आणले होते, अख्खी बराक आठवडाभर त्याच्या नावानं शिट्ट्या मारत होती.

ट्रॅक्टर का विकलास?

येतो.
कॉर्डेल

*

तालुक्याची कोठडी
९ जानेवारी

आजी,

उशिरा लिहितोय. काय लिहावं ते सुचत नव्हतं. इथे पत्रं उघडतात, म्हणून जपून लिही.

न्यायालयानं दिलेली वकीलबाई आहे, बिव्हेन्स नावाची. चांगली आहे, थकलेली आहे. तिनं समजावलं ते असं: प्रुइट खरं बोलत होता, पण ठासणीच्या बंदुकीपुरतंच. मागून काडतूस घालायची ती शिकारीच्या पुस्तिकेत जुनी असेल, न्यायालयात ती बंदूकच. दोन वेगळे कायदे, दोन वेगळी माणसं लिहितात, एकमेकांना विचारत नाहीत. चूक माझी. मी नीट बघितलं नाही. आनंदात होतो, घेतली आणि निघालो.

मी त्यांना सांगितलंय की तू चर्चला गेली होतीस तेव्हा मी तुझ्या कपाटातून न विचारता घेतली. तुला कुणी विचारलं तर तू काही बोलू नकोस. होय नको, नाही नको. म्हण, मला ऐकू येत नाही.

टबवर रागावू नकोस. त्यानं शिकारीचा परवाना बघितला, केशरी जाकीट बघितलं, बंदूक मोडून बघितली, म्हणाला "सगळं ठीक आहे कॉर्डेल, सापडलं का काही?" मग सगळ्यांचं बघतात तसं माझं नाव यंत्रावर घातलं. त्यात शिक्षेची जुनी नोंद वर आली. मला घरापर्यंत आणून तुला सांगायची परवानगी त्यानंच वरून काढली.

इथे माझे कपडे जमा करताना पहारेकरी म्हणाला, या शर्टाला मागची बाजूच नाही. मी म्हटलं, आजीनं कापली. तो म्हणाला, का? मी म्हटलं, हरीण चुकलं. तो इथलाच आहे, त्याला कळलं. 

तारखेला न्यायालयात येऊ नकोस.

कॉर्डेल

*

पॉसम फोर्क
२० जानेवारी

कॉर्डेल,

पत्र उघडणाऱ्या साहेबांना आधी रामराम. साहेब, माझ्या नातवाला थंडी बाधते, खिडकीजवळ झोपवू नका.

आता तू ऐक. चोरली म्हणालास? माझ्या कपाटातून? मी चर्चला असताना? अरे, माझ्या डब्यातलं बिस्किट उचलायच्या आधी तू "आजी, घेऊ?" म्हणून गावभर विचारत फिरायचास! आणि आता सरकारी कागदावर लिहिलंय की हॉलिस रनल्सच्या नातवानं आजीच्या घरात चोरी केली. अर्लीननं विचारलं तेव्हा मला भिंतीकडे बघावं लागलं. मी ते खोडणार.

मी येणार आहे. निळा झगा धुतलाय, टोपीला नवी फीत लावलीय. पुस्तिकाही घेते, त्या ओळीखाली काजळपेन्सिलीनं रेघ मारलीय, म्हणजे जज्जाला शोधत बसायला नको. मी सांगेन, जज्जसाहेब, मीच घेतली, त्याच्यासाठी घेतली, दोन दोन ठिकाणी विचारून घेतली, सरकारनं छापलेलं वाचून घेतली. कुणी मला सांगितलं का की न्यायालयाची पुस्तिका वेगळी? माझ्या वयाकडे बघून तरी माणूस विचार करील. त्यालाही आजी असेलच, जज्ज काय आभाळातून पडत नाहीत.

आणि द्यायचीच असतील वर्षं तर वाटून द्या म्हणेन. पाच त्याला, पाच मला. माझ्याजवळ पाच आहेत का हे देवाला विचारा, पण असतील तितकी घ्या. मला तिथे काय त्रास? दोन वेळचं जेवण, आणि फोन ऐकू येत नाहीच.

अजून आशा आहे बघ. पाद्रीबाबांनी तुझं नाव प्रार्थनेत घेतलं, आणि कोंबड्या परत अंडी घालायला लागल्यात.

येतेच.
आजी

*

तालुक्याची कोठडी
२ फेब्रुवारी

आजी,

इथला माणूस पत्र उघडतो ते आत तंबाखू आहे का बघायला. वाचत नाही. नशीब आपलं. तुझं पत्र मी फाडून टाकलं. असं परत लिहू नकोस.

आता मी सरळ सांगतो. तू जे सांगणार म्हणतेस, तोही गुन्हा आहे. माझ्यासारख्याला ती वस्तू देणं. मी बिव्हेन्सबाईला "समजा एखाद्यानं" असं म्हणून विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं, दार लावलं, आणि म्हणाली, "तो एखादा म्हातारा असेल तर त्याला घरी बसायला सांग."

इथे वाटून देत नाहीत, आजी. दोघांना पुरती पुरती देतात. तू बोललीस तर माझा एक दिवस कमी होणार नाही. फक्त घराला कुलूप लागेल, आणि मग मी डोळे मिटून कुठे जाऊन बसू?

मी गुन्हा कबूल करतोय. लढण्यासारखं काही नाही म्हणते ती.

पुस्तिका जाळ. झगा कपाटात ठेव.

माझं एवढं ऐक. आयुष्यात एकदा.

कॉर्डेल

*

पॉसम फोर्क
२८ मार्च

कॉर्डेल राजा,

आले नाही. ऐकलं तुझं. निळा झगा घातला, टोपी घातली, पर्स मांडीवर घेतली, आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिले. अर्लीन बाहेर गाडी चालू ठेवून थांबली होती, मी उठेन म्हणून. मग इंजिन बंद करून आत आली आणि समोर बसली. शेवटी म्हणाली, "झेल्फा, टोपी तरी काढ."

दहा वर्षं म्हणून टबनं येऊन सांगितलं. दारात उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "जज्जानं मला विचारलं काकू, की बंदूक हंगामाला चालणारी होती का. मी म्हटलं, होय. परवाना? होता. मग मी म्हटलं साहेब, बंदूक बरोबर, हंगाम बरोबर, जागा बरोबर, माणूस तेवढा चालत नाही." त्याला वाटलं होतं, यानं काही फरक पडेल. नाही पडला. मी त्याला आत ओढला आणि कॉफी दिली. रडका माणूस दारात उभा केला तर घराला बरं नाही.

आता पत्र उघडणारे साहेब, यात तंबाखू नाही, तुम्ही पुढे जा.

ज्याबद्दल लिहायचं नाही त्याबद्दल मी लिहीत नाहीये, कॉर्डेल. मी फक्त ओसरीबद्दल लिहिते. ओसरीला कुणी मनाई केलेली नाही.

त्या सकाळी तू ओसरीवर उभा होतास, मी दिलेली गंमत हातात धरून. तिच्यावरची लाल रिबीन मी स्वतः बांधली होती. तू ती सोडलीस, आणि मग बराच वेळ हललाच नाहीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आनंदानं पोराची वाचा बसली. मग तू अंगणात बघितलंस, ट्रॅक्टर असायचा तिथे गवत पिवळं पडलं होतं. मग माझ्याकडे बघितलंस. मी हसत होते ना रे? दात घातले नव्हते तरी हसत होते. आणि तू म्हणालास, "आजी, मला कुणी कधी इतकं चांगलं काही दिलं नाही." मी अर्लीनला ते इतक्यांदा ऐकवलं की ती आता झोपेतही म्हणत असेल.

तू म्हणतोस तू नीट बघितलं नाहीस. तू! हॉलिसनं डोळ्याला फडकं बांधून बंदूक सुटी करायला आणि जोडायला लावलेला तू! आणि "फक्त आजोबांची, बरं का" असं तू लिहिलंस ते पत्र माझ्या डब्यात आहे. मी तेव्हा त्याचा मुका घेतला होता. म्हटलं, बघा, आजोबांवर किती जीव पोराचा.

आजोबांची शेडमध्ये होती. छप्पर गळून पाणी थेट तिच्यावर पडत होतं. नळी गंजून लाल झाली होती, गज आत अडकला होता. हे मी तुला लिहिलं नाही. म्हटलं, येताना कशाला मन खट्टू करायचं.

टबनं आणखी एक सांगितलं. त्यानं सांगायला नको होतं, पण त्याच्या पोटात राहत नाही, लहानपणापासून राहत नाही. म्हणाला, "काकू, मी त्या झाडीत बराच वेळ होतो. तिथे हरीण नव्हतंच. तो ओंडक्यावर बसला होता, ती लांब एका झाडाला टेकवून. हातसुद्धा लावत नव्हता. मग उठला, ती उचलली, आभाळात एक बार काढला, आणि परत टेकवून ठेवली. एवढी शिकार केली त्यानं. तो बार झाला नसता तर मी त्याच्याजवळ गेलोही नसतो."

तू निघताना मी सांगितलं होतं ना, खिडकी उघडी ठेवते म्हणून. मला माणसं ऐकू येत नाहीत पण बार ऐकू येतो, तो ऐकला की तवा चुलीवर ठेवते, असं म्हणाले होते. तू "बरं" म्हणालास. आणि ऐकू आला रे. काय आनंद झाला मला! तवा ठेवला, चरबी घातली, कांदे चिरले.

मग तुम्ही दोघं अंगणात आलात. खांद्यावर काही नाही, मागून ओढत आणलेलं काही नाही. मी म्हटलं, चुकला वाटतं माझा राजा! आणि टब साक्षीला आलाय. कात्री घेऊन धावले. "वळ, वळ," म्हणत तुझ्या मागे आले, हसत हसत शर्टाची शेपटी धरली आणि टरकन कापली. कापड हातात आलं तेव्हा त्याच्या मागे तुझे हात दिसले, बेड्या घातलेले. तू एकदाही "थांब, आजी" म्हणाला नाहीस. स्थिर उभा राहिलास, नीट कापता यावी म्हणून.

ती मी ठोकली नाही. तू चुकलाच नव्हतास. घडी घालून बायबलात ठेवलीय.

तर असं आहे. तू बघितलं नाहीस म्हणतोस ना, बरं. मग मीही तुला बघताना बघितलं नाही. असंच ठेवू.

इकडचं सांगते. ती शेडमधली मी तालुक्याच्या त्या म्हाताऱ्या लोहाराकडे नेली, त्यानं नळी घासून, गज काढून, घोडा बसवून दिला. नवा दस्ता अक्रोडाचा आहे. या वेळी दुकानात विचारलं नाही. बिव्हेन्सबाईकडे गेले, निळा झगा घालून, तेवढा तरी कामी आला. तिनं कागद काढून दाखवला. ही चालते. हिला ते बंदूक म्हणत नाहीत. आता योग्य दारात विचारलं बघ.

दाराच्या वर टांगलीय, छपराखाली कोरड्यात. दर महिन्याला तेल लावते. पण मी काही वेडी नाही रे, तुझी दहा आणि माझी ऐंशीवर एक, ही बेरीज चौथीच्या आत शिकवतात. म्हणून तिच्या चापाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलीय, मोठ्या अक्षरात, शाईनं, वर मेण घासून. तू येशील तेव्हा या घरात जो कोणी राहत असेल त्याचं दार ठोक, आणि वर बोट दाखव. चिठ्ठीवर लिहिलंय: "ही कॉर्डेलची. पुढून भरायची."

आजी